गुलबक्षीला विचारलेले प्रश्न

संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास गुलबक्षीचं नुकतंच उमललेलं एक फूल तोडा आणि उजेडाकडे धरून नीट बघा. तळाशी हिरवी, पाच टोकांची इवलीशी वाटी. तिच्यातून वर निघालेली, बोटाच्या दीड-दोन पेरांएवढी नाजूक नळी. नळीच्या तोंडाशी पाच पाळ्यांची पसरट झालर. झालरीबाहेर डोकावणारे पाच पुंकेसर आणि त्यांच्याही पुढे गेलेला, टोकाला बारीक गोंडा असलेला एक स्त्रीकेसर. शाळेत शिकलेलं आठवून आपण सांगून टाकतो, हिरवी वाटी म्हणजे निदलं आणि रंगीत भाग म्हणजे पाकळ्या. दोन्ही उत्तरं चूक आहेत.

गुलबक्षीला पाकळ्या नसतातच. जिला आपण पाकळी म्हणतो ती झालर आणि तिच्याखालची नळी हीच तिची निदलं. जास्वंदीची कळी ज्या हिरव्या निदलांच्या आड वाढते, तीच इथे एकसंध होऊन रंगली आहेत. मग खालची हिरवी वाटी कसली? ती छदांची, म्हणजे फुलाच्या बुडाशी येणाऱ्या खास पानांची. हे पटायला बोगनवेलीकडे बघावं, कारण दोघी एकाच कुळातल्या. बोगनवेलीचा जो कागदी, भडक भाग आपण फूल समजतो, ती छदं. त्यांच्या मधोमध असलेली पांढुरकी बारीक नळी हे खरं फूल. रचना तीच, फक्त एकीने रंग छदांना दिला आणि दुसरीने नळीला. कुंपणावरची बोगनवेल आणि तिच्या पायाशी आपोआप रुजलेली गुलबक्षी ही एकाच घरातली माणसं आहेत, हे कळल्यापासून मला त्या दोघी शेजारी दिसल्या की फार बरं वाटतं.

गुलबक्षी विकत आणणारं माणूस विरळा. ती असतेच. परसदारी मोरीचं पाणी जिथे जातं तिथे, वाड्याच्या मागच्या भिंतीशी, चाळीच्या जिन्याखाली जुन्या पत्र्याच्या डब्यात. मुली तिच्या लांब नळ्या एकमेकींत गुंफून दोऱ्याशिवाय वेणी करतात. साडीच्या दुकानात 'गुलबक्षी' म्हटलं की समोरचा माणूस नेमका रंग काढून दाखवतो. इतकी ती घरची. पण तिचं मूळ घर उष्ण कटिबंधातली अमेरिका, मेक्सिकोपासून पेरूपर्यंतचा पट्टा. कोलंबसानंतर जहाजांच्या वाटा खुल्या झाल्या तशी ती जगभर पोचली आणि जिथे पोचली तिथे मुक्कामाला राहिली. लिनियसने १७५३ साली तिला 'मिराबिलिस जलापा' असं शास्त्रीय नाव दिलं. केरळात तिला चार वाजताचं फूल म्हणतात, बंगालात संध्यामालती.

फुकट मिळतं त्याची किंमत राहत नाही, तसं गुलबक्षीचं झालं आहे. नर्सरीवाला ती ठेवत नाही, बागेच्या पुस्तकात तिला दोन ओळींपलीकडे जागा नसते. आणि दुसरीकडे गोष्ट अशी आहे, की सजीव आपले गुण पुढच्या पिढीला कसे देतात याबद्दल माणसाने विचारलेल्या फार मोठ्या प्रश्नांपैकी निदान तीन प्रश्न या झाडाला विचारले गेले, आणि तिन्ही वेळा झाडाने स्वच्छ उत्तर दिलं. तिची फुलं रात्री कोणासाठी उघडतात इथपासून सुरुवात केली, की त्या उत्तरांपर्यंत पोचता येतं.

दुपारभर कळ्या मिटलेल्या, मुडपलेल्या असतात. चार-पाचच्या दरम्यान उन्हाचा जोर ओसरला की त्यांची घडी सुटू लागते आणि अंधार पडेपर्यंत सगळं झाड फुललेलं असतं. सुगंधही तेव्हाच. सकाळी गुलबक्षीला वास नाही अशी तक्रार करण्यात अर्थ नाही, कारण तिचा वास संध्याकाळच्या तासांपुरताच राखलेला आहे. दुसऱ्या दिवशी ऊन चढलं की फूल मिटतं ते कायमचं. आभाळ भरून आलेल्या, गार दिवसांत मात्र ती लवकर उमलते आणि उशिरापर्यंत उघडी राहते, म्हणून श्रावणात कधीकधी सकाळी नऊ वाजताही ती ताजी दिसते.

हा सगळा बेत हॉक मॉथ नावाच्या मोठ्या पतंगांसाठी आहे. कातरवेळी फुलासमोर हवेत एका जागी थरथरत उभा राहणारा, पक्षीच वाटावा असा पतंग तुम्ही पाहिला असेल. याची सोंड गुंडाळून ठेवलेली असते आणि ती उलगडली की कित्येक जातींत अंगापेक्षाही लांब भरते. गुलबक्षीचा मध नळीच्या अगदी तळाशी. तो गाठायला लांब सोंडच हवी. पतंग सोंड आत घालतो तेव्हा बाहेर आलेले केसर त्याच्या अंगाला घासतात आणि पराग पुढच्या फुलापर्यंत जातो. मेक्सिकोत गुलबक्षीच्या मूळ मुलखात केलेल्या निरीक्षणांतून आणखी एक गोष्ट दिसली: हे सगळं रात्रीच्या उबेवर अवलंबून असतं. थंडी पडली की पतंग फिरकत नाहीत.

मग अशा रात्रीचं फूल वाया जातं का? इथे गुलबक्षी जे करते ते भिंगाने बघण्यासारखं आहे. पहाटे फूल मिटायला लागलं, की बाहेर पसरलेले पाचही पुंकेसर आणि मधला स्त्रीकेसर आतल्या बाजूला वळू लागतात. रात्रभर एकमेकांपासून अंतर राखून असलेले हे धागे वळता वळता एका गुंडाळीत अडकतात, आणि परागकोश स्त्रीकेसराच्या टोकावर, म्हणजे कुक्षीवर, टेकतात. पतंग आला असेल तर उत्तमच. नसेल तर फूल स्वतःच्याच परागाने बी धरतं. आधी दुसऱ्याच्या परागाची वाट बघायची आणि रात्र उलटल्यावरच स्वतःचा वापरायचा, हा क्रम मिटण्याच्या त्या एका हालचालीत बांधलेला आहे. सकाळी सात-आठच्या सुमारास अर्धवट मिटलेलं फूल हलक्या हाताने उकलून पाहिलंत तर ही गुंडाळी साध्या डोळ्यांनाही दिसते.

आता रंगाकडे येऊ. गुलबक्षीचं फूल पांढऱ्या कागदावर चोळा, शेजारी जास्वंदीची पाकळी चोळा, आणि दोन्ही डागांवर लिंबाचा थेंब टाका. जास्वंदीचा डाग लालभडक होतो. गुलबक्षीच्या डागात फारसा फरक पडत नाही. कारण दोघींचे रंग मुळातच वेगळ्या जातीचे. जास्वंद, गुलाब, जांभूळ यांचा लाल-जांभळा रंग अँथोसायनिनांचा. गुलबक्षीचा बीटालेनांचा, म्हणजे बीट, लाल माठ, निवडुंगाचं बोंड आणि बोगनवेल यांच्या गोतावळ्यातला. निसर्गाने इथे एक विलक्षण शिस्त पाळली आहे: एकाच झाडात हे दोन्ही रंग एकत्र आजवर सापडलेले नाहीत. झाड एक तर या घराण्याचं किंवा त्या.

बीटालेनांत दोन उपजाती, एक जांभळट आणि एक पिवळी. दोन्ही मिळून गुलबक्षीच्या लाल, गुलाबी, केशरी, पिवळ्या छटा होतात. २००५ साली स्पेनमधल्या मुर्सिया विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की यातला पिवळा रंग निळा प्रकाश शोषून हिरवा प्रकाश बाहेर टाकतो, म्हणजे फूल स्वतः मंद उजळतं. आणि जिथे जांभळा रंग दाट असतो तिथे तो ही हिरवी झाक गिळून टाकतो. म्हणून फुलावर आपल्या डोळ्यांना एरवी न दिसणारी उजळ-अंधाऱ्या भागांची एक नक्षी तयार होते. ती कीटकांना खरोखर उपयोगी पडते का, यावर एकमत नाही. मला तर ती आहे एवढंच पुरेसं वाटतं.

पण ज्या फुलापाशी लहान मुलं हमखास थबकतात ते पट्ट्यापट्ट्यांचं: पिवळ्यावर लाल रेघा, लाल ठिपके, कधी अर्धं फूल पिवळं आणि अर्धं गुलबक्षी. एकाच झाडावरची दोन फुलं सारखी नसतात. याचं कारण जपानी संशोधकांनी शोधलं. लाल रंग बनवण्यासाठी लागणाऱ्या एका जनुकात डीएनएचा एक उपरा तुकडा येऊन बसलेला असतो. जनुक बंद, त्यामुळे फूल पिवळं. पण हा तुकडा भटक्या आहे. फूल घडत असताना एखाद्या पेशीत तो जागा सोडून निघून जातो, जनुक पुन्हा चालू होतं, आणि त्या पेशीपासून पुढे झालेल्या सगळ्या पेशी लाल होतात. तो लवकर उठून गेला तर लाल पट्टा रुंद, उशिरा गेला तर नुसता ठिपका. फुलावरची प्रत्येक रेघ म्हणजे तो तुकडा कधी आणि कुठे उठला याची नोंद असते. अशी भटकी जनुकं बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्याच्या दाण्यांवरच्या ठिपक्यांवरून ओळखली आणि १९८३ साली त्यांना नोबेल मिळालं. मक्यात जे त्यांनी पाहिलं त्याच जातीचा खेळ आपल्या मोरीजवळच्या झाडावर रोज संध्याकाळी चालू असतो.

आता ते तीन प्रश्न. पहिला विचारला ग्रेगोर मेंडेलने. मेंडेल म्हटलं की वाटाणा एवढंच आपल्याला आठवतं, पण त्याच्या मठाच्या बागेत गुलबक्षीही होती. त्या काळी एक साधा वाटणारा प्रश्न सुटलेला नव्हता: एक बी तयार व्हायला किती परागकण लागतात? फ्रान्समधल्या नॉदँने गुलबक्षीवरच प्रयोग करून पाहिले होते आणि एक-दोन कण पुरत नाहीत असा त्याचा निष्कर्ष होता. डार्विनने १८६८ सालच्या आपल्या ग्रंथात तो उचलून धरला. गुलबक्षी या प्रयोगासाठी का, हे फुलातच दिसतं. तिचे परागकण इतके मोठे, की नजर चांगली असेल तर वेगवेगळे कण दिसतात आणि सुईच्या टोकावर एकच कण उचलता येतो. शिवाय एका फुलात एकच बीजांड, म्हणून बी धरलं की नाही याचा हिशेब स्पष्ट. मेंडेलने एकेक कण घेऊन कुक्षीवर ठेवला आणि भरलेलं, सुदृढ बी मिळवलं. १८७० साली म्युनिकचे वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल नेगेली यांना लिहिलेल्या पत्रात त्याने हे कळवलं. एका बीजासाठी एकच परागकण पुरेसा आहे, म्हणजे पित्याकडून येणारा सगळा वारसा त्या एका कणात मावतो. त्याच काळात बारीक फुलांवर काम करून मेंडेलचे डोळे शिणले होते. अशा डोळ्यांनी एक परागकण उचलून नेमका ठेवणारा तो माणूस डोळ्यांपुढे आणला की त्याच्याबद्दलचा माझा आदर दुणावतो. नेगेलींनी मेंडेलच्या कामाला महत्त्व दिलं नाही. १८८४ साली मेंडेल गेला तेव्हा जगाला त्याचं मोल कळलेलं नव्हतं.

दुसरा आणि तिसरा प्रश्न विचारणारा कार्ल कोरेन्स हा याच नेगेलींचा विद्यार्थी. १९०० साली मेंडेलचे नियम ज्यांनी पुन्हा उजेडात आणले त्यांत तो एक. मेंडेलची नेगेलींना आलेली पत्रं १९०५ साली त्यानेच छापली. म्हणजे गुलबक्षीच्या त्या एका परागकणाची हकीकत जगापुढे आणणाऱ्या माणसाने स्वतःचे प्रयोगही गुलबक्षीवरच केले.

त्याने शुद्ध लाल आणि शुद्ध पांढऱ्या गुलबक्षीचा संकर केला. वाटाण्यात अशा वेळी एक गुण दुसऱ्याला झाकतो. इथे संततीची फुलं गुलाबी आली. दोन रंग कालवले की मधला होतो, असंच कोणालाही वाटेल. पण त्या गुलाबी झाडांच्या स्वपरागाने झालेलं बी पेरलं, तर चारांत एक लाल, दोन गुलाबी, एक पांढरं या प्रमाणात लाल आणि पांढरा दोन्ही जसेच्या तसे परत आले. रंग कालवले गेले असते तर ते पुन्हा वेगळे निघालेच नसते. गुण मिसळलेले दिसले तरी त्यांच्यामागची जनुकं आतून अखंड राहतात, हे याहून सोप्या रीतीने दाखवणारं उदाहरण अजून सापडलेलं नाही. म्हणूनच जीवशास्त्राच्या पुस्तकांत ही आकृती आजही असते. पुस्तकातलं 'मिराबिलिस जलापा' पाठ करून परीक्षा देणाऱ्या किती मुलांना कोणी सांगतं, की हे झाड तुझ्या आजीच्या परसात आहे?

तिसरा प्रश्न पानांचा. गुलबक्षीच्या एका प्रकारात पानांवर पांढरे-हिरवे छप्पे असतात. अशा झाडाची एखादी फांदी पूर्ण हिरवी निघते, एखादी पूर्ण पांढरी, बाकीच्या छप्प्यांच्या. तिन्ही प्रकारच्या फांद्यांवर फुलं येतात. कोरेन्सने त्यांचे आपसांत सगळ्या जोड्यांनी संकर केले आणि १९०९ साली निकाल मांडला. हिरव्या फांदीवरच्या फुलाचं बी हिरवंच रोप देतं, मग पराग कुठूनही आणा. पांढऱ्या फांदीवरच्या फुलाचं बी पांढरंच रोप देतं, पराग हिरव्या फांदीचा असला तरी. छप्प्यांच्या फांदीचं बी तिन्ही प्रकारची रोपं देतं. बापाचा इथे काही संबंधच नाही. मेंडेलच्या नियमांत आई-बाप समान. ते नियम जगाला पुन्हा सांगणाऱ्यालाच या झाडाने त्यांच्या बाहेरचं काहीतरी दाखवलं.

कारण असं, की पानाला हिरवेपणा देणारी हरितलवकं पेशीच्या केंद्रकाबाहेर असतात, आणि त्यांच्यात त्यांचा स्वतःचा डीएनए असतो. कोट्यवधी वर्षांपूर्वी एका मोठ्या पेशीने आत घेतलेल्या, प्रकाशावर जगणाऱ्या जीवाणूंचे ते वंशज. परागकण बीजांडाला आपलं केंद्रक देतो. हरितलवकं मात्र आईच्या अंडपेशीतूनच येतात. आपल्या शरीरातली मायटोकाँड्रियाही अशीच फक्त आईकडून आलेली असतात, आणि त्यांच्या डीएनएवरून आईच्या आईच्या आईपर्यंतचा माग काढता येतो. या प्रकारच्या वारशाची पहिली स्पष्ट खूण माणसाला दिसली ती गुलबक्षीच्या पानावर. कोरेन्सची पुष्कळ अप्रकाशित टिपणं १९४५ साली बर्लिनवरच्या बॉम्बवर्षावात नष्ट झाली. प्रयोगाचं झाड तेवढं जगभरच्या परसांत शाबूत आहे.

हे सगळं घरी करून बघायला काय लागतं? गुलबक्षीचं बी, बस. ते मागायला लाजू नका. ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे ते ओंजळभर असतं. काळं, सुरकुतलेलं, हुबेहूब मिऱ्यासारखं. फोडलं तर आत पांढरी पिठूळ पूड असते, जपानात पूर्वी ती चेहऱ्याला लावत. पण मिऱ्याशी असलेलं साम्य घातकही आहे: बी आणि कंद दोन्ही विषारी, पोटात गेले तर उलट्या-जुलाब होतात. बियांची पुडी मसाल्याच्या डब्याजवळ ठेवायची नाही आणि लहान मुलांच्या हाती ती देऊन त्यांना एकटं सोडायचं नाही.

पेरणी पहिल्या पावसानंतर करावी, किंवा पाण्याची सोय असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये. बी रात्रभर पाण्यात भिजवलं की टरफल मऊ होतं. बोटाचं अर्धं पेर जाईल इतक्या खोलीवर टोचायचं. आठवड्याभरात, फार तर दोन आठवड्यांत रोप वर येतं. शक्यतो कायमच्या जागीच पेरा. गुलबक्षी खाली जाड सोटमूळ सोडते आणि ते पुढे कंद बनतं. रोप मोठं झाल्यावर उपटून हलवलं तर ती रुसते. कुंडीतच लावायची असेल तर बारा इंची आणि खोल घ्या, उथळ ट्रेमध्ये तिचा कोंडमारा होतो. जमिनीत दोन झाडांत दीड-दोन फूट अंतर सोडा, कारण वाढली की ती कमरेपर्यंत येते आणि पसरते.

माती कसलीही चालते. पाणी साचणं चालत नाही. काळ्या चिकण जमिनीत पावसाळ्यात कंद सडतो, तिथे वाळू आणि शेणखत मिसळून थोडा उंच वाफा करावा. ऊन पाच-सहा तास मिळालं तर फुलं भरभरून, सावलीत नुसती पानं. खताचा मारा केलात तरीही नुसती पानंच. एप्रिलच्या दुपारी पानं मान टाकतात ते बघून घाबरून बादलीभर पाणी ओतण्याची गरज नसते. संध्याकाळी ती आपोआप सावरली तर मुळांशी ओल आहे असं समजावं. सावरली नाहीत तरच पाणी द्यावं. रोप वीतभर झालं की शेंडा खुडा, मग फांद्या फुटून झुडूप भरतं. फांद्यांचे सांधे फुगीर आणि ठिसूळ असतात, वाऱ्या-पावसात नेमके तिथेच मोडतात. म्हणून वाऱ्याच्या जागी काठीचा आधार द्यावा. कोवळ्या शेंड्यांवर मावा किंवा पिठ्या ढेकूण दिसला तर पाण्याचा जोराचा फवारा आणि निंबोळी तेल बहुतेक वेळा पुरतं.

पेरल्यापासून दोन-तीन महिन्यांत पहिली कळी येते. पाऊस आणि त्यानंतरचे महिने तिच्या बहराचे. उन्हाळ्यात पाणी तोडलं तर वरचं झाड वाळून जातं आणि लोक ते मेलं समजून जागा खणायला घेतात. तसं करू नका. खाली कंद जिवंत असतो आणि पावसाच्या सरींनी त्यातून नवे कोंब येतात. वर्षानुवर्षं तो असाच जाड होत जातो. मात्र गुलबक्षी स्वतःचं बी इतकं सांडते की जागा आवरली नाही तर ती पसरते. कुंपणाच्या आत तिचं कौतुक करावं. रानात, ओढ्याकाठी, शेताच्या बांधावर तिला सोडू नये, कारण ती इथली मूळची नाही आणि एकदा जमलेला कंद काढणं सोपं नसतं.

प्रयोग करायचा असेल तर आधी झाड शुद्ध आहे का ते ठरवावं लागतं. दाराशी उगवलेल्या गुलबक्षीत किती रंगांची सरमिसळ झाली असेल सांगता येत नाही. उपाय सोपा आहे. दुपारी, त्या संध्याकाळी उमलणारी फुगलेली कळी निवडून तिच्यावर पातळ मलमलीची पिशवी बांधा. पतंग आत जाऊ शकणार नाही, पहाटेची ती गुंडाळी आपलं काम करेल आणि मिळणारं बी त्याच फुलाच्या स्वपरागाचं असेल. दोन-तीन पिढ्या असं करून ज्या झाडाची संतती सारखीच येते ते शुद्ध धरावं. मग संकर: दुपारीच कळी सुईने अलगद उकलून पाचही पुंकेसर काढून टाकायचे, पिशवी बांधायची, संध्याकाळी दुसऱ्या झाडाचं फूल आणून त्याचा पराग उरलेल्या एकट्या केसराच्या गोंड्याला टेकवायचा, पुन्हा पिशवी. देठाला रंगीत दोरा बांधून ठेवा, नाहीतर आठवड्याने कोणतं फूल ते आठवत नाही. एका फुलातून एकच बी मिळतं, म्हणून हे काम पुष्कळ फुलांवर करावं लागतं. घरातलं दहा-बारा वर्षांचं मूल यात इतकं रमतं की त्याला उठवावं लागतं.

पानांवर छप्पे असलेलं झाड मिळालं तर ते भाग्यच समजा, पण आधी पानं नीट तपासा. पानं आक्रसलेली, वेडीवाकडी, पिवळट असतील तर तो रोग असण्याची शक्यता जास्त. निरोगी, सपाट पानावर स्वच्छ पांढरे भाग असतील तर कोरेन्सचा प्रयोग तुमच्या अंगणात उभा आहे. यात संकराचीही गरज नाही. फुलं आपापली मिटू द्या आणि बी गोळा करा. पिकलेलं बी हिरव्या वाटीत काळं, सुटं बसलेलं असतं, बोट लागलं की हातात येतं. सावलीत वाळवून कागदाच्या पुड्यांत ठेवा, पण हिरव्या फांदीचं, पांढऱ्या फांदीचं आणि छप्प्यांच्या फांदीचं बी तीन वेगळ्या पुड्यांत. पांढऱ्या फांदीच्या बियांतून पांढरीच रोपं येतील आणि बियांतली शिदोरी संपली की काही दिवसांत वाळून जातील, कारण त्यांना स्वतःचं अन्न करता येत नाही. त्यात तुमच्या पाणी घालण्याची चूक नसते. छप्प्यांच्या पुडीतली रोपं मात्र मोजून ठेवा. आणि बी कोणाला द्याल तेव्हा पुडीवर फुलाचा रंग तर लिहाच, पण ते झाडाच्या कोणत्या फांदीवरून घेतलं तेही लिहा.